कमरेचा पट्टा: कोणता घ्यावा, कुठे बांधावा आणि सोडवावा कधी

ठाण्यात नौपाड्यात नाहीतर वाशीला सेक्टर १७ मध्ये एखाद्या मेडिकलमध्ये जा आणि "कंबर धरलीय, पट्टा द्या" म्हणा. काउंटरवरचा माणूस पँटचा नंबर विचारतो, फळीवरून लांबट खोका काढतो आणि तीन मिनिटांत तुम्ही साधारण ५०० ते १००० रुपये मोजून बाहेर पडता. खोक्यावर 'एलएस बेल्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे लंबो-सॅक्रल, कमरेच्या आणि त्याखालच्या भागाचा पट्टा. या तीन मिनिटांत दोन चुका ठरलेल्या. माप चुकतं, आणि पट्टा किती वेळ बांधायचा व कधी सोडवायचा हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. अचानक उसण भरली असेल, उठता-बसता कळ येत असेल आणि तरी घर चालवायचं असेल, तर पहिल्या आठ-दहा दिवसांसाठी हा पट्टा पाचपैकी साडेतीन ताऱ्यांचा. वर्षभर कंबर दुखते म्हणून रोज सकाळी बांधून ऐरोलीच्या ऑफिसला जाणाऱ्यासाठी जेमतेम एक.

आता वस्तूच पाहू. पट्टा उलगडून काउंटरवर पसरा. मधला भाग पाठीवर येतो. त्याची उंची ८ ते १० इंच असते आणि आत शिवलेल्या कप्प्यांत बहुधा ४ उभ्या पट्ट्या असतात, दोन कण्याच्या डावीकडे, दोन उजवीकडे. पट्ट्याचं सगळं काम या चार काड्यांवर चालतं. स्वस्त मालात त्या प्लास्टिकच्या आणि सरळसोट असतात. बऱ्या मालात धातूच्या, कमरेच्या खोलगट वळणाला धरून किंचित वाकवलेल्या. अंगठ्याने दाबून पाहा. सहज दुमडून तशाच राहिल्या तर पट्टा पोटाभोवतीच्या जाड इलास्टिकपेक्षा वेगळा नाही. काडीचं टोक कापडातून टोचतंय का, तेही बोट फिरवून बघा, कारण बसल्यावर तेच टोक कुल्ल्याच्या वर रुततं. दोन्ही बाजूंना इलास्टिकचे पंख, पुढे वेल्क्रोचं मोठं पान, आणि चांगल्या प्रकारात त्यावरून ओढायचे आणखी दोन पट्टे. हे वरचे पट्टे असतील तर शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. खालचा पट्टा अंगावर नीट बसवायचा आणि वरच्यांनी ताण कमी-जास्त करायचा, अशी सोय होते. जेवल्यावर ते सैल करता येतात. एकाच वेल्क्रोच्या पट्ट्यात जेवणानंतर सगळंच सोडावं लागतं.

याच फळीवर दोन भावंडं असतात, त्यांच्याशी गल्लत नको. बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर बांधायच्या पोटपट्ट्यात पाठीच्या काड्या नसतात. तो स्वस्त पडतो म्हणून कंबरदुखीला नेला तर पैसे गेलेच. दुसरा टेलर ब्रेस, खांद्यावरून पट्टे येणारा लांब सांगाडा. तो मणका मोडल्यावर, डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायचा. लोहचुंबक बसवलेल्या पट्ट्याला जादा पैसे देऊ नका. चुंबकाने कंबरदुखी थांबते याला धड पुरावा नाही.

माप पँटच्या नंबरावरून घेऊ नका. पँट बेंबीच्या खाली बसते, पट्टा बेंबीभोवतीही येतो, आणि पोट असेल तर दोन मापांत सहज दोन-चार इंचांचा फरक पडतो. टेप घ्या, उभे राहा, पोट आत न ओढता बेंबीच्या पातळीवर गोल माप घ्या आणि खोक्यावरच्या तक्त्याशी जुळवा. मिडियम, लार्ज यांचे इंच कंपनीगणिक बदलतात. माप दोन आकारांच्या सीमेवर आलं तर मोठा घ्या, कारण लहान पट्ट्याचा वेल्क्रो काठावरच चिकटतो आणि शिंक आली की सुटतो. नितंब रुंद असतील तर पट्टा हळूहळू वर सरकतो. अशांनी खालच्या कडेला वळण दिलेला प्रकार मागावा. आणि दुकानातच स्टूल मागून त्यावर बसून बघा. उभ्याने छान वाटणारा १० इंची पट्टा बुटक्या माणसाच्या बरगड्यांत बसल्याबरोबर घुसतो. घरी नेऊन घातलेला पट्टा बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, तेव्हा लाजू नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. बरेच जण पट्टा फार वर बांधतात, साडीची निरी किंवा पँटचा बेल्ट येतो त्याच्याही वर. दोन्ही हात कमरेवर ठेवा, तळवे कुल्ल्याच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकवा आणि अंगठे मागे कण्याकडे न्या. ते जिथे भेटतात तिथे साधारण चौथा मणका. कमरेत ५ मणके असतात, आणि दोन मणक्यांमधली चकती सरकण्याचे बहुतेक प्रकार शेवटच्या दोन जागी होतात: चौथ्या-पाचव्याच्या मध्ये, आणि पाचव्याच्या व त्याखालच्या त्रिकास्थीच्या मध्ये. म्हणजे अंगठ्यांची जागा आणि तिच्या खालचे तीन-चार बोटं. पट्ट्याची मधली रेघ या भागावर यायला हवी. खालची कड कुल्ल्यांच्या सुरुवातीवर आली की जागा बरोबर.

बांधायचा आडवं पडून. पातळ सुती बनियन घाला, उघड्या अंगावर नको. कुशीवर वळा, पट्टा पाठीला लावा, काड्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आहेत ना ते हाताने चाचपा, मग पाठीवर या. श्वास सोडा आणि पान चिकटवा, त्यानंतर वरचे दोन पट्टे दोन्ही हातांनी एकदम ओढा. एकच बाजू आधी ओढली तर काड्या तिकडे सरकतात आणि एक काडी नेमकी कण्यावर येते. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं सरकली पाहिजेत. श्वास छातीतल्या छातीत घ्यावा लागत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा आंबट ढेकर वर येत असेल तर ताण जास्त झाला. उठताना परत कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या जोरावर बसायचं. हे उठणं पट्टा नसतानाही असंच, उसण भरलेल्या माणसाने सरळ उठून बसूच नये.

पट्टा नेमकं करतो काय? हाडं धरून ठेवत नाही. प्लास्टरसारखा आधार कापडातून मिळत नसतो. तो कमरेला टोकापर्यंत वाकू देत नाही, ऊब धरतो, आणि वाकायला गेलं की काडी टोचून आठवण करून देतो. उसण भरते तेव्हा कण्यालगतचे स्नायू किंवा सांध्यांभोवतीचे बंध ताणले जातात, आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि माणूस एका अंगाला कलतो. अशा वेळी नकोशी हालचाल थोडी आवरली गेली की चालणं-फिरणं जमतं, आणि चालत-फिरत राहणं हाच उसणीवरचा खरा उतारा. बहुतेकांची अशी कंबर काही आठवड्यांत मोकळी होते, पट्टा असो वा नसो. पट्ट्याचं काम तोवर अंथरुणात पडू न देणं. पट्टा बांधून दिवसभर झोपलात तर दोन्हीकडून तोटा.

एका वेळी दोन तास पुरे. स्वयंपाकाला, खरेदीला, लोकलच्या गर्दीत किंवा रिक्षातून जाताना बांधा, घरी आल्यावर सोडा. झोपताना नकोच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून वेळ कमी करत जा: आधी घरातल्या कामांचा पट्टा बंद, मग बाजाराचा, शेवटी प्रवासाचा. दोन-तीन आठवड्यांनंतरही सुटत नसेल तर पट्टा बदलू नका, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा.

जुनाट दुखण्यात पट्ट्याचे तारे का घटतात, तेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये ३ महिन्यांहून जास्त चाललेल्या, ठोस कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, दुखण्याची नीट समज देणं, मसाज यांना त्यात जागा आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन म्हणजे वजनं लावून ओढणं यांची मात्र नेहमीच्या उपचारात शिफारस नाही. महिनोन्महिने बांधणाऱ्यांचं पुढे काय होतं, तर पट्ट्याविना जिना उतरायचीसुद्धा धास्ती बसते. मग माणूस वाकणं टाळतो, टाळल्याने कंबर आणखी आखडते आणि पट्टा आणखी घट्ट होतो.

न दुखणाऱ्या कमरेला 'दुखू नये म्हणून' पट्टा हा आणखी एक गैरसमज. वाशीच्या बाजार समितीत ५० किलोच्या गोणी हलवणाऱ्यांना, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या गोदामांत खोके चढवणाऱ्यांना असे पट्टे सुचवले जातात. अमेरिकेतली कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणारी सरकारी संस्था नायॉश हिने १९९४ मध्येच सांगितलं की दुखापत नसलेल्या कामगाराला पट्ट्याने इजा टळते असा पुरावा नाही, सबब वापराची शिफारस नाही. धोका असा की पट्टा बांधलेल्याला आपण जास्त उचलू शकतो असं वाटतं. मणक्याच्या चकतीला नुसत्या वजनापेक्षा वजन, वाकणं आणि वळणं एकदम झालेलं बाधतं. घरातलं उदाहरण गॅसचं. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, त्यावर लोखंडाचं जवळपास तेवढंच वजन, म्हणजे ३० किलोच्या आसपास. तो ओट्याखालून वाकून, कंबर पिळत बाहेर खेचला की उसण भरलीच म्हणा. सिलिंडर तिरपा करून खालच्या कड्यावर गोल फिरवत न्यावा. उचलायचाच असेल तर अंगालगत धरून, गुडघ्यात वाकून, आणि वळायचं ते पावलं टाकून.

घोडबंदर रोडवरून रोज दुचाकी चालवणाऱ्यांचा पट्ट्यावर फार भरवसा. गाडीचे हादरे हे कंबरदुखीचं मान्य कारण आहे आणि त्या रस्त्याचं पावसाळ्यातलं रूप सांगायला नको. पण पट्टा हादरा शोषत नाही. तो टायरने आणि शॉकअपने शोषायचा असतो. टायरची हवा कंपनीने दिलेल्या आकड्याएवढीच ठेवा. जास्त हवा भरली की खड्डा थेट मणक्यात येतो. मागे रोज कोणी बसत असेल तर मागच्या शॉकअपचं सेटिंग त्या वजनाचं करून घ्या. खड्ड्यावर किंवा गतिरोधकावर गुडघे किंचित वाकवून फूटरेस्टवर भार घ्या, बूड सीटवरून बोटभर उचललं तरी पुरतं. लॅपटॉपची सॅक पाठीवर लोंबकळत ठेवण्यापेक्षा मागच्या सीटला बांधा. एवढं करून पहिल्या आठवड्यात पट्टा बांधलात तर त्याचा उपयोग.

काही कमरांना पट्टा उलट पडतो. वय साठीच्या पुढे, गोखले रोडवर दोनशे पावलं चाललं की पाय जड पडतात, आणि पुढे वाकून उभं राहिलं किंवा दुकानाच्या पायरीवर टेकलं की मोकळं वाटतं. ही खूण कण्यातली नस जाण्याची वाट अरुंद झाल्याची असू शकते. पाठ मागे झुकवणाऱ्या वाकड्या काड्यांनी अशा माणसाचा त्रास वाढू शकतो. सायटिकात, म्हणजे कमरेपेक्षा पोटरी-पावलात कळ जास्त असते तेव्हा, पट्टा दाबलेली नस सोडवत नाही. प्रवासात तेवढा आधार. हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय बांधू नये.

एमआरआयच्या कागदावर 'डिस्क बल्ज' वाचून पट्टा घ्यायला धावणारे पुष्कळ. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहिले होते. विशीतल्या ३० टक्के लोकांची आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची चकती फुगलेली होती, आणि त्यांना काही होत नव्हतं. पांढऱ्या केसांसारखंच हे. कागद आणि दुखणं जुळतंय का, हे तपासणारा डॉक्टर ठरवतो.

आणि काही दुखण्यांत मेडिकलच्या काउंटरवर थांबायचंच नाही. लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं: तडक रुग्णालय, त्याच दिवशी. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षय आधी डोक्यात यायला हवा. पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा म्हाताऱ्या माणसाला साध्या पडण्यानंतर पाठीत कळ आली असेल तरी तपासणी आधी. पंचविशीच्या मुलाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडते आणि हालचालीने सुटते, तर तो सांध्यांचा वातविकार असू शकतो. त्याला पट्टा बांधून हालचाल कमी करणं म्हणजे आगीत तेल. बरगडीखालून जांघेकडे लाटेसारखी येणारी कळ बहुधा मूतखड्याची, तिचा कमरेशी संबंध नाही.

पट्ट्याच्या शेजारी मिळणाऱ्या गोष्टींत रबरी शेकपिशवीला आमचे चार तारे. ताज्या दुखण्यात वरवरच्या शेकाने आराम पडतो याला पुरावा बरा आहे, आणि किंमत पट्ट्याच्या निम्मीही नाही. दोन तृतीयांशच भरा, उकळतं पाणी नको, बूच लावण्याआधी दाबून हवा काढा, उलटी धरून गळते का बघा, टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. पिशवीवर झोपू नका. मधुमेहाने कातडीची जाणीव कमी झालेल्यांनी दुसऱ्याच्या हाताने गरमपणा तपासून घ्यावा, नाहीतर फोड येतो तेव्हाच कळतं. विजेवर तापणारी जेलची पिशवी वापरताना आधी प्लग काढायचा, आणि ती फुगलेली दिसली की टाकून द्यायची. तव्यावर तापवलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी फुकट काम करते, फक्त ती पिशवीपेक्षा जास्त भाजते.

बाम किंवा स्प्रे लावून लगेच वरून पट्टा आवळणं किंवा शेक घेणं हा मात्र आपल्याकडचा नेहमीचा अपघात. मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेलं मलम झाकलं आणि तापवलं की कातडी भाजते. पट्ट्याच्या आकाराचा लाल चौकोन उठतो आणि लोक पट्ट्याच्या कापडाला दोष देतात. मलम एका वेळी, पट्टा दुसऱ्या वेळी.

खुर्चीला लावायच्या फोमच्या उशीपेक्षा घरचा टॉवेल बरा. लांबीत घडी घाला, मनगटाएवढी जाड गुंडाळी करा, दोन रबरबँड लावा आणि पँटच्या बेल्टच्या पातळीवर पाठीमागे ठेवा. जास्त वर ठेवलात तर खांदे पुढे येतात. तरीही अर्ध्या-पाऊण तासाने उठायचंच, कितीही भारी खुर्ची असो.

गादीबद्दल थोडक्यात. कडक फळीवर किंवा जमिनीवर झोपा हा सल्ला जुना झाला. लॅन्सेटमध्ये २००३ साली आलेल्या स्पेनमधल्या चाचणीत ३१३ जणांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवलं, आणि कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. 'ऑर्थो' शब्दावर जाऊ नका. दुकानात दहा मिनिटं कुशीवर पडून बघा. कंबर लोंबली तर मऊ, खांदा दुखला तर कडक.

पट्टा सोडवताना त्याच्या जागी काहीतरी यायला हवं, आणि ते फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरची एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालायला लावलं आणि सोबत समजावून सांगितलं, त्यांचं दुखणं परत यायला मधल्या हिशेबाने २०८ दिवस लागले. बाकीच्यांचं ११२ दिवसांत परतलं. तलावपाळीच्या किंवा नेरूळच्या ज्वेल उद्यानाच्या फेऱ्या पहिल्या आठवड्यात १० मिनिटांच्या ठेवा, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. जोडीला पाठीवर पडून, गुडघे वाकवून कुल्ले उचलायचे, ५ आकडे मोजून खाली, असं १० वेळा. मग हाता-पायांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ, ५ आकडे, नंतर उलट. कमरेवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये इतकी पाठ स्थिर हवी. करताना कळ पायात उतरली तर तो प्रकार बंद.

राहिली निगा, आणि खाडीकाठच्या हवेत हीच अवघड. घामाने ओला पट्टा तसाच परत बांधला की दोन दिवसांत घामोळं आणि आठवड्याभरात नायटा. धुण्याआधी काड्या कप्प्यांतून काढा आणि कोणती कुठली ते पेनाने लिहून ठेवा, वाकवलेली काडी उलटी गेली तर पट्टा निकामी. वेल्क्रो बंद करूनच गार पाण्यात, साध्या साबणाने, हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा. उन्हात वाळवला की इलास्टिक मरतं, म्हणून सावलीत पंख्याखाली. जुलै-ऑगस्टमध्ये वाळायला दोन दिवस धरा. वेल्क्रोत बनियनचे धागे अडकून पकड सुटते, ते जुन्या दातघासणीने किंवा बारीक कंगव्याने विंचरून काढले की पुन्हा नव्यासारखं चिकटतं. विंचरूनही चिकटत नसेल तर पट्टा संपला. पण तो तोवर रोजच्या वापरात असेल, तर दुसरा आणायच्या आधी वर दिलेला दोन-तीन आठवड्यांचा हिशेब एकदा पाहा.